दर दहा दिवसांनी परत येणारं ‘परमिशन डिनाइड’: पोस्टग्रेसमध्ये दिलेला अधिकार टिकत का नाही

एक तारीख, अकरा तारीख, एकवीस तारीख. करवीर तालुक्यातल्या एका दूध संकलन कार्यालयातून सकाळी नऊच्या सुमारास फोन यायचा तो याच तारखांना. पलीकडून सचिव आण्णा बोलायचे, “परत तेच आलंय बघा. ताईंच्या मशीनवर संकलनाचा रिपोर्ट उघडंना झालाय.” मी कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून रिमोटनं जोडून घ्यायचो, एक ओळ चालवायचो, रिपोर्ट उघडायचा. मग दहा दिवस शांतता, आणि परत फोन.

ज्यांना आपल्या दूध संस्थांचं चक्र माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो: उत्पादकाचं बिल दहा दिवसांचं असतं. १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. या कार्यालयातला प्रोग्राम पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये, म्हणजे माहिती साठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दर बिलाच्या मुदतीला संकलनाचं एक नवं टेबल तयार करतो. गावोगावच्या केंद्रांवरून सकाळ-संध्याकाळ येणारे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) सगळं त्यात जमा होतं. म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफ धरून दर ठरतो, त्यातला एखादा पॉइंट इकडचा तिकडं झाला की लगेच केंद्रावरून तक्रार येते. ती तक्रार त्याच दिवशी तपासायची तर हिशोबाच्या ताईंना आजचं टेबल दिसायला हवं. ते दिसत नव्हतं.

पडद्यावर येणारा संदेश असा होता: ‘परमिशन डिनाइड फॉर टेबल’, पुढे नव्या टेबलाचं नाव. लॉगमध्ये त्याचा कोड ४२५०१. हा कोड दिसला की एक गोष्ट पक्की समजा, पासवर्ड बरोबर आहे, जोडणी झालेली आहे, सर्व्हरनं माणूस ओळखलेला आहे. फक्त त्या वस्तूवर त्याला हक्क नाही. त्यामुळे पासवर्ड बदलून बघणं, सर्व्हर बंद-चालू करणं, ड्रायव्हर नव्यानं टाकणं यात वेळ घालवू नका. या कार्यालयात माझ्याआधी या तिन्ही गोष्टी करून झाल्या होत्या.

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरांत करा. नावं तुमच्याकडची घाला. माझ्या उदाहरणात स्कीमाचं, म्हणजे टेबलांच्या गटाचं, नाव ‘संकलन’, फक्त वाचण्याचा हक्क असलेला रोल (ज्याच्या नावावर अधिकार नोंदवतात तो) ‘वाचक’, आणि ताईंचं लॉगिन ‘हिशोब’, जे ‘वाचक’ रोलचं सभासद आहे.

दर वेळी मी चालवत होतो ती ओळ ही:

ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स इन स्कीमा संकलन टू वाचक;

वाचायला ती अगदी पुरेशी वाटते. ‘ऑल टेबल्स’, म्हणजे सगळी टेबलं. इथंच बहुतेकांची गफलत होते, माझीही बरेच दिवस झाली. ही ओळ ज्या क्षणी चालते त्या क्षणी स्कीमात जेवढी टेबलं आहेत तेवढ्यांवर एकेक करून अधिकार नोंदवते आणि संपते. ती कायमचा नियम म्हणून कुठे साठवली जात नाही. रात्री बारा वाजता जे टेबल जन्माला येतं ते या ओळीला माहीतच नाही.

सहकारातल्या माणसाला हे समजावताना मी सातबाऱ्याचं उदाहरण देतो. गटाच्या उताऱ्यावर तुमचं नाव लागलं म्हणून उद्या शेजारचा जो नवा गट पडेल त्याच्यावर ते आपोआप लागत नाही. त्याचा फेरफार वेगळा. पोस्टग्रेसमध्येही प्रत्येक टेबलाचा आपला उतारा असतो. त्यावर मालक कोण आणि इतर हक्क कुणाचे हे लिहिलेलं असतं. तो बघायची सोय पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसला आज्ञा द्यायच्या प्रोग्राममध्ये, आहे: बॅकस्लॅश डीपी. निदान करायचं असेल तर पहिली आज्ञा हीच चालवा.

बॅकस्लॅश डीपी संकलन.*

मागच्या मुदतीच्या टेबलासमोर अधिकारांच्या रकान्यात ‘वाचक=आर’ आणि तिरक्या रेघेनंतर अधिकार देणाऱ्याचं नाव असं दिसलं. ‘आर’ म्हणजे वाचणं. ‘ए’ म्हणजे नवी नोंद घालणं, ‘डब्ल्यू’ म्हणजे असलेली नोंद बदलणं, ‘डी’ म्हणजे काढून टाकणं. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे काहीच नसेल तर तो हक्क सगळ्या जगाला, म्हणजे पब्लिकला आहे. नव्या टेबलासमोर मात्र रकाना कोरा. कोरा रकाना पाहून अनेकांना वाटतं की काही बंधनच नाही. अर्थ उलटा आहे: या टेबलावर अजून कुणी कुणाला काही दिलेलं नाही, फक्त मालकाचे जन्मजात हक्क आहेत. तुमच्याकडे जुन्या टेबलासमोर नोंद आणि नव्यासमोर कोरा रकाना असेल तर तुमचा आजार आणि माझा आजार एकच.

यावरचा इलाज पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती ९.० पासून, म्हणजे २०१० पासून आहे:

ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस इन स्कीमा संकलन ग्रँट सिलेक्ट ऑन टेबल्स टू वाचक;

पुढे जी टेबलं तयार होतील त्यांच्यावर जन्मतःच हा अधिकार लागेल, असं ही आज्ञा सांगते. जुन्या टेबलांना ती हात लावत नाही, म्हणून आधीची ‘ऑल टेबल्स’वाली ओळही एकदा चालवावी लागते. दोन्ही मिळून काम पूर्ण होतं.

मी दहा तारखेला संध्याकाळी हे केलं, आण्णांना सांगितलं की उद्या फोन करायची वेळ येणार नाही. अकराला नऊ वाजता फोन आला.

ही गोष्ट मी सविस्तर लिहितोय कारण शोधत इथवर आलेला माणूस बहुतेक याच पायरीवर अडकलेला असतो. आज्ञा बरोबर, चूक निघाली नाही, तरी परिणाम शून्य. कारण असं की डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस स्कीमाला चिकटत नाहीत, टेबल बनवणाऱ्या रोलला चिकटतात. आज्ञेत ‘फॉर रोल’ लिहिलं नाही तर सर्व्हर समजतो की आज्ञा चालवणारा स्वतः पुढे जी टेबलं बनवेल त्यांच्याविषयी हे चाललंय. मी ‘पोस्टग्रेस’ या सुपरयूजरनं, म्हणजे सगळे हक्क असलेल्या लॉगिननं, आज्ञा दिली होती. रात्री बारा वाजता टेबल बनवणारा रोल होता ‘बिल_प्रोग्राम’. माझ्या नियमाचा आणि त्याच्या टेबलाचा काही संबंधच आला नाही.

बॅकस्लॅश डीडीपी लिहिलं की नोंदवलेले डिफॉल्ट नियम दिसतात, त्यात पहिला रकाना मालकाचा. तिथं ‘पोस्टग्रेस’ दिसतंय आणि बॅकस्लॅश डीटी नव्या टेबलाचा मालक ‘बिल_प्रोग्राम’ दाखवतंय, असं असेल तर तिथंच पकडा. बरोबर ओळ ही:

ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस फॉर रोल बिल_प्रोग्राम इन स्कीमा संकलन ग्रँट सिलेक्ट ऑन टेबल्स टू वाचक;

आणखी एक बारकावा. हे नियम त्या त्या डेटाबेसपुरते असतात, रोल मात्र सगळ्या सर्व्हरला सामाईक. चाचणीच्या डेटाबेसवर नियम लावून खऱ्या डेटाबेसवर तो शोधत बसू नका.

यानंतर एक मुदत नीट गेली. एकवीसच्या आदल्या रात्री वीज गेली, इन्व्हर्टरही उतरला, आणि बारा वाजता चालायचं ते काम चाललंच नाही. सकाळी पुरवठादाराच्या तंत्रज्ञानं स्वतःच्या लॉगिननं नवं टेबल हातानं बनवून दिलं. केंद्रांचं दूध थांबत नाही, त्यानं केलं ते योग्यच होतं. पण टेबलाचा मालक झाला ‘तंत्रज्ञ’, आणि ‘फॉर रोल बिल_प्रोग्राम’ हा नियम त्याला लागू नाही. परत कोरा रकाना, परत नऊचा फोन.

इथं मला कळलं की मूळ दुखणं मालकीचं आहे, अधिकार हा त्याचा पुढचा भाग. टेबलाचा मालक कोणी माणूस किंवा एखादा प्रोग्राम असता कामा नये. संस्थेच्या बँक खात्यावर सही कुणाची चालते? चेअरमन आणि सचिव या पदांची. निवडणूक झाली, माणूस बदलला, ठराव करून नव्या माणसाची नमुना सही दिली की खातं तेच राहतं. रोल म्हणजे असं पद. टेबलं पदाच्या नावावर ठेवायची आणि माणसांना त्या पदावर बसवायचं.

म्हणून लॉगिन नसलेला एक मालक रोल केला:

क्रिएट रोल संकलन_मालक नोलॉगिन;
ग्रँट यूसेज, क्रिएट ऑन स्कीमा संकलन टू संकलन_मालक;
ग्रँट संकलन_मालक टू बिल_प्रोग्राम, तंत्रज्ञ;

नुसतं सभासद करून भागत नाही. सभासद स्वतःच्या नावानं आत आला आणि त्यानं टेबल बनवलं तर मालक तोच होतो, आणि डिफॉल्ट नियमही त्याच्याच नावाचे बघितले जातात. त्यानं आत आल्यावर ‘सेट रोल संकलन_मालक’ म्हटलं पाहिजे. पहाटे साडेपाचला टेबल बनवणाऱ्या माणसाकडून ते लक्षात ठेवायची अपेक्षा करणं बरोबर नाही, म्हणून ते सर्व्हरवरच बांधून टाकलं:

ऑल्टर रोल तंत्रज्ञ इन डेटाबेस दूध सेट रोल टू संकलन_मालक;
ऑल्टर रोल बिल_प्रोग्राम इन डेटाबेस दूध सेट रोल टू संकलन_मालक;

आता या दोघांपैकी कुणीही त्या डेटाबेसमध्ये शिरलं की आपोआप पदावर बसतं. हा बदल पुढच्या जोडणीपासून लागू होतो. प्रोग्रामनं जोडण्या उघड्याच धरून ठेवल्या असतील तर तो एकदा बंद करून सुरू करावा लागतो. हे विसरलात तर आणखी एक मुदत वाया जाते. मग जुनी टेबलं ‘ऑल्टर टेबल’ आणि ‘ओनर टू’ वापरून नव्या मालकाच्या नावावर केली, आणि डिफॉल्टचा नियम शेवटचा ‘फॉर रोल संकलन_मालक’ म्हणून लिहिला. ‘रीअसाइन ओन्ड’ ही आज्ञा एका झटक्यात सगळं हलवते, पण ती त्या रोलच्या मालकीचं त्या डेटाबेसमधलं सगळंच हलवते, शिवाय डेटाबेस त्याच्या मालकीचा असेल तर तोही. मी टेबलं मोजून एकेक केली.

पडताळणी करताना सुपरयूजरनं बघू नका. सुपरयूजरला अधिकारांची तपासणी लागूच होत नाही, त्यामुळे त्याच्याकडून सगळं नेहमीच चालतं आणि आपण निर्धास्त होतो. त्याऐवजी ताईंच्या जागी जाऊन बघा. ‘सेट रोल हिशोब’ म्हणा, एक चाचणीचं टेबल मालक रोलनं आधीच बनवून ठेवलेलं असू द्या, त्यावर सिलेक्ट चालवा, मग ‘रीसेट रोल’. किंवा ‘हॅज टेबल प्रिव्हिलेज’ या फंक्शनला लॉगिन, टेबल आणि ‘सिलेक्ट’ ही तीन नावं द्या, ते खरं की खोटं एवढंच सांगतं. ही चाचणी दहा तारखेला दुपारीच करता येते, अकराची वाट बघायची गरज नाही. मला हे आधी सुचलं असतं तर दोन मुदती वाचल्या असत्या.

आता या कार्यालयात माझ्याआधी काढलेल्या पळवाटेविषयी. रोजचा त्रास नको म्हणून कुणीतरी ‘हिशोब’ लॉगिनला सुपरयूजर करून टाकलं होतं. फोन बंद झाले, खरं आहे. पण एका शिकाऊ मुलानं त्याच लॉगिननं दराची दुरुस्ती करताना अपडेटला वेअर, म्हणजे कुठल्या नोंदी बदलायच्या ती अट, लावली नाही आणि एका मुदतीतल्या सगळ्या नोंदींचा दर एकच झाला. बॅकअप होता म्हणून निभावलं. त्या टेबलातली प्रत्येक ओळ म्हणजे पहाटे उठून धार काढून केंद्रावर किटली घेऊन गेलेल्या कुणाची तरी कमाई आहे. ज्याला फक्त वाचायचं आहे त्याच्या हातात ती बदलायची ताकद देणं मला मान्य नाही, कितीही सोयीचं असलं तरी. तुमच्याकडे असं कुणी लॉगिन आहे का ते बॅकस्लॅश डीयू लिहून आजच बघा.

आवृत्ती १४ पासून, म्हणजे २०२१ पासून, ‘पीजी_रीड_ऑल_डेटा’ नावाचा तयार रोल मिळतो. तो दिला की सगळ्या स्कीमांमधलं सगळं वाचता येतं, उद्या बनणारं टेबलही. बॅकअप घेणाऱ्या लॉगिनला तो चांगला. ताईंना मात्र मी तो दिला नाही, कारण त्याच डेटाबेसमध्ये उत्पादकांचे बँक खाते क्रमांक आहेत आणि रिपोर्टला ते लागत नाहीत. त्या टेबलावर रकान्यांची नावं कंसात देऊन तेवढ्यांपुरताच सिलेक्ट दिलाय. दोन गोष्टींचं भान ठेवा: असं केल्यावर सगळे रकाने एकदम मागणारा ‘सिलेक्ट *’ चालत नाही, रकाने नावानं मागावे लागतात. आणि आधी पूर्ण टेबलावर अधिकार दिलेला असेल तर एका रकान्याचा काढून घेतल्यानं काहीही होत नाही, आधी पूर्ण टेबलाचा काढायचा आणि मग मोजके रकाने द्यायचे.

संदेश थोडा वेगळा असेल तर कारणही वेगळं. ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा’ आलं तर टेबलाकडे बघूच नका, स्कीमावर यूसेज नाही. टेबल खोलीतलं कपाट असेल तर यूसेज म्हणजे खोलीचं दार. ‘फॉर सीक्वेन्स’ आलं तर नोंद घालायचा अधिकार आहे पण अनुक्रमांक देणाऱ्या सीक्वेन्सवर यूसेज नाही. सीरियल प्रकारच्या रकान्यांना हे लागतं, आयडेंटिटी रकान्यांना लागत नाही. डिफॉल्टच्या नियमातही टेबल्स आणि सीक्वेन्सेस वेगळे लिहावे लागतात. आवृत्ती १५ पासून नव्या डेटाबेसमध्ये पब्लिक स्कीमात डेटाबेसचा मालक आणि सुपरयूजर सोडून इतरांना वेगळा अधिकार दिल्याशिवाय टेबल बनवता येत नाही, जुना प्रोग्राम नव्या सर्व्हरवर नेल्यावर पहिला ठेचकाळतो तो इथं. आणि चूकच येत नाही पण रिपोर्ट रिकामा दिसतो, तेव्हा रो लेव्हल सिक्युरिटी लावलेली आहे का ते बघा, ती नकार देत नाही, न दिसणाऱ्या ओळी गाळते.

आणखी एक छुपं कारण: टेबल तेच, नाव तेच, काल चालत होतं, आज नाही. बहुतेक वेळा कुठलंतरी रात्रीचं काम टेबल ड्रॉप करून पुन्हा क्रिएट करतं. ड्रॉपबरोबर उतारा जातो. तिथं ट्रंकेट वापरायला सांगा, त्यात टेबल रिकामं होतं पण अधिकार राहतात. व्ह्यूचंही (नाव देऊन साठवलेल्या सिलेक्टचं) तसंच, ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ केल्यास अधिकार टिकतात.

खरं तर दर मुदतीला सुटं टेबल बनवायची गरजच नाही. आवृत्ती १० पासून, म्हणजे २०१७ पासून, एक मुख्य टेबल ठेवून त्याची तारखेनुसार पार्टिशन्स, म्हणजे आतले तुकडे, करता येतात. रिपोर्टनं मुख्य टेबलाच्या नावानं विचारलं की अधिकार फक्त मुख्य टेबलावरचा तपासला जातो, आतल्या पार्टिशनवर वेगळा लागत नाही. पार्टिशनचं नाव घेऊन थेट विचारलं तर मात्र लागतो. पुरवठादाराला मी हे लिहून दिलंय. त्यांचा प्रोग्राम बदलेपर्यंत मालक रोलची मांडणी काम करतेय.

मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथं डेटाबेसचं नाव, टिंब आणि तारा लिहून दिलेला अधिकार पुढच्या टेबलांनाही लागतो, त्यामुळे हा दहा दिवसांचा आजार सहसा होत नाही. तिथं वेगळा होतो: ८.० मध्ये रोल आले, रोल दिला तरी तो लॉगिन करताना चालू होत नाही. ‘सेट डीफॉल्ट रोल’ करावं लागतं, नाहीतर ग्रँट दिसतो आणि चूक ११४२ येत राहते. शिवाय तिथं माणूस म्हणजे नाव आणि यंत्राचा पत्ता अशी जोडी असते. ऑफिसातल्या संगणकावरून चालतं आणि घरून नाही, याचं कारण तेच. ग्रँटनंतर फ्लश प्रिव्हिलेजेस करायची सवय अनेकांना आहे, ग्रँट वापरला असेल तर त्याची गरज नाही.

शेवटचं, सर्व्हर हलवताना. २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा नदीकाठच्या एका ग्राहकाचा सर्व्हर घाईनं वरच्या मजल्यावर दुसऱ्या यंत्रावर उभा केला होता. पीजी डंप या प्रत काढणाऱ्या आज्ञेनं डेटाबेस आला, पण रोल आले नाहीत, कारण ते डेटाबेसच्या आत नसतात. प्रत्येक ग्रँटवर ‘रोल डज नॉट एक्झिस्ट’ आणि मालक सगळीकडे पोस्टग्रेस. रोल वेगळे काढावे लागतात, पीजी डंपऑलला ग्लोबल्स ओन्ली हा पर्याय देऊन, आणि नव्या जागी डेटाबेसच्या आधी ते चढवावे लागतात. आता करवीरच्या कार्यालयातही रात्रीच्या बॅकअपमध्ये ती दुसरी फाइल जाते. काही किलोबाइटची आहे. त्यात पासवर्डचे हॅश असतात, म्हणून ती सगळ्यांना उघडणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका.